मोडीचे खिळे ओतवून घेणारे विल्यम कॅरी

राहाता, कोपरगाव किंवा संगमनेर परिसरातील एखाद्या जुन्या घराची पेटी उघडली, की खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे हाती लागतात. त्यांतील बहुतेक मोडीत लिहिलेली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची, अशी या लिपीची वळणदार रीत. हातासाठी जन्मलेल्या या लिपीला शिशाच्या खिळ्यांत बसवून मराठीचा एक अख्खा कोश छापला गेला, तो पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर बंगालमध्ये हुगळीच्या काठी. छापविणारे गृहस्थ होते विल्यम कॅरी, पूर्वाश्रमीचे चांभारकाम करणारे एक इंग्रज.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेत मास्तर. जोडे शिवता शिवता कॅरी यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केल्या. धर्मप्रसाराच्या ध्यासाने ते १७९३ मध्ये सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. पहिली वर्षे फार हलाखीची गेली. निळीच्या कारखान्यात नोकरी धरावी लागली, लहानगा पीटर दगावला आणि पत्नी डोरोथी यांचे मन त्यातून कधीच सावरले नाही. पतीच्या विद्वत्तेची किंमत या बाईने मोजली, हे चरित्रकारांनी फारसे ठळकपणे मांडलेले नाही.

कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने १८०० मध्ये कॅरी डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे गेले. तेथे विल्यम वॉर्ड आणि जोशुआ मार्शमन यांच्यासह त्यांनी छापखाना उभारला. पूर्वी चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली बंगाली खिळे घडविलेले कुशल कारागीर पंचानन कर्मकार येथे आले. त्यांनी आणि पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी या ओतशाळेला आकार दिला. १८०१ मध्ये कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले. संस्कृत आणि मराठीही पुढे त्यांच्याकडे आल्या. मराठ्यांशी युद्ध आणि तह या दोन्हींचा प्रसंग वारंवार येत असल्याने कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी येणे निकडीचे झाले होते.

कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते देवनागरीत छापले होते. परंतु दरबारी पत्रे, हिशेब आणि सावकारी वह्या मोडीत. केवळ बाळबोध शिकलेल्या साहेबापुढे खरे पत्र आले, तर तो निरुत्तर होणार. म्हणून १८१० चा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो मोडी खिळ्यांत.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. मोडीत स्वरचिन्ह व्यंजनाला असे बिलगते, की दोहोंचा मिळून नवाच आकार होतो. बाराखडीतील असे कित्येक आकार स्वतंत्र कोरावे लागतात. हात एकाच अक्षराला दरवेळी थोडे निराळे वळण देतो, खिळा मात्र तोच ठसा पुन्हा पुन्हा उमटवतो. लेखणीची लय त्यात हरवली, हे मान्य केलेच पाहिजे. उलट, लहान-मोठ्या वळणांच्या जंजाळात अडखळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला तीच शिस्त हिताची ठरली.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, अनेक पौर्वात्य लिप्यांचे खिळे आणि कॅरी यांनी वर्षानुवर्षे जुळवलेल्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते, दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन वार्ता सांगितली. सुदैवाने मुद्रणयंत्रे वाचली आणि राखेच्या ढिगाऱ्यात पोलादी ठसे सापडले. वितळलेले शिसे गोळा करून त्याच ठशांवरून पुन्हा खिळे ओतण्यात आले. हस्तलिखिते मात्र परत येणार नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या कॅरी यांनी गेलेल्या कामातील बराच भाग नव्याने लिहावयास घेतला. पुढील काही वर्षांत सिंहासन बत्तिशी (१८१४) आणि हितोपदेश (१८१५) ही मराठी पुस्तके श्रीरामपुरातून बाहेर पडली.

९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपुरातच निवर्तले. तोवर वारे फिरले होते. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, मराठी ग्रंथव्यवहार मुंबईस स्थिरावला आणि मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश देवनागरीत निघाला. छापील मराठीने बाळबोध वळण धरले. मोडी हस्तलेखनात, दप्तरांत आणि शाळेच्या कित्त्यांत राहिली, तीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच. संगणकाच्या युनिकोड प्रमाणात तिला २०१४ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले आणि आता तिचे फॉन्टही उपलब्ध आहेत. राहात्याच्या पेटीतले खरेदीखत वाचायचे झाले, तर मात्र आजही मोडीचा जाणकारच शोधावा लागतो.