यंत्राला बोलतं करणारी ॲडमिरल

लॅबमध्ये उबुंटूवर काम केलं असेल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा आहे. काहीतरी इन्स्टॉल करायचं असतं. सीनियरने पाठवलेली कमांड आपण टर्मिनलमध्ये पेस्ट करतो, एंटर दाबतो आणि स्क्रीनवर बारीक अक्षरांचा धबधबा सुरू होतो. पॅकेजांची नावं, आकडे, पुन्हा नावं. शेवटी मशीन विचारतं, पुढे जाऊ का? आपण काहीही न वाचता वाय दाबतो आणि चहाला जातो.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये लायनस सेबास्टियन या कॅनडातल्या नावाजलेल्या टेक यूट्यूबरने हेच केलं, फक्त कॅमेऱ्यासमोर. पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर त्याला गेम खेळायला स्टीम हवं होतं. पॅकेजमध्ये काही गडबड होती, त्यामुळे ॲप्ट या पॅकेज मॅनेजरने स्टीमसाठी अख्खा डेस्कटॉपच काढायचा घाट घातला. तसं त्याने स्क्रीनवर लिहिलंही होतं. नुसत्या वायवर न भागवता एक पूर्ण वाक्य टाइप करून संमतीही मागितली होती. पठ्ठ्याने वाक्य टाइप केलं. डेस्कटॉप गेला. मग दोन तट पडले. एक म्हणे, समोर लिहिलेलं वाचलं का नाहीस? दुसरा म्हणे, ते वाचण्यासारखं लिहिलं का नव्हतं?

हा दुसरा प्रश्न विचारण्यात एका बाईचं अख्खं आयुष्य गेलं. ग्रेस हॉपर तिचं नाव.

ग्रेस ब्रूस्टर मरे न्यूयॉर्कची. जन्म ९ डिसेंबर १९०६. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ आत कसं चालतं हे बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात आलं तेव्हा घरातली सातही घड्याळं सुटी होऊन पडली होती. आईने मार दिला नाही, एक घड्याळ तिच्या नावावर करून दिलं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. कॉलेज प्रवेशाच्या वेळी लॅटिनमध्ये नापास झाली, वर्षभर थांबली आणि वॅसर कॉलेजात गेली. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि वॅसरमध्येच नोकरी लागली. आता तिला बाई म्हणायला हरकत नाही, कारण ती शिकवायला लागली.

हॉपरबाईंचा गणिताचा तास जरा विचित्र असायचा. संभाव्यतेच्या वर्गात त्या एक सूत्र शिकवायच्या आणि त्यावर निबंध लिहून आणायला सांगायच्या. निबंध परत मिळायचे ते भाषेच्या दुरुस्त्यांनी भरून. मुली वैतागायच्या, आम्ही गणित घेतलंय, इंग्रजी नाही. बाईंचं उत्तर ठरलेलं: दुसऱ्याला सांगता येत नसेल, तर गणित शिकून उपयोग काय? माझ्या मते बाईंची पुढची सगळी कारकीर्द म्हणजे याच निबंधाची मोठी आवृत्ती आहे.

मग पर्ल हार्बर झालं आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. बाईंचे पणजोबा आरमारात ॲडमिरल होते, त्यामुळे त्यांनाही आरमारातच जायचं होतं. वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी, वर गणिताच्या प्राध्यापक म्हणून त्या इथेच जास्त उपयोगी, असं सरकारचं मत. तरी खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३मध्ये त्या भरती झाल्याच. १९४४च्या उन्हाळ्यात त्यांना हार्वर्डला पाठवलं गेलं. तिथे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं एक धूड खडखडत होतं. त्याचं नाव मार्क वन. याला हुकूम द्यायचे ते कागदी पट्टीवर भोकं पाडून. एक भोक चुकलं की सगळा हिशेब चुकला, आणि कुठे चुकलं हे यंत्र सांगणार नाही.

तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन कडक माणूस. त्यांनी बाईंना या यंत्राचं पुस्तक लिहायला सांगितलं. मी कधी पुस्तक लिहिलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. पण जमणार नाही म्हणायची सोय आरमारात नसते. रोज लिहिलेली चार-पाच पानं त्या एकेन यांना वाचून दाखवायच्या. १९४६ साली पुस्तक छापून आलं, पाचशेहून जास्त पानांचं. संगणकाची मॅन्युअल्स आपण कुणीच वाचत नाही, हे मान्य. पण त्या प्रकारातलं जगातलं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक.

पतंगाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. सप्टेंबर १९४७मध्ये मार्क टूच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला आणि तो वहीत चिकटवला गेला. तिथूनच बग हा शब्द आला, तो बाईंनीच शोधला, वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते चूक आहेत. इंजिनीअर लोक बग हा शब्द एडिसनच्या काळापासून वापरत होते आणि तो पतंग बाईंनी स्वतः पकडला नव्हता. किस्सा मात्र त्यांनी आयुष्यभर रंगवून सांगितला.

युद्ध संपलं तेव्हा घटस्फोट झालेला होता. हार्वर्डमध्ये पुढे जागा नव्हती. याच काळात दारू वाढली, १९४९ साली प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. एकदम यशस्वी वाटणाऱ्या चरित्रांमधून हे पान बहुतेक वेळा गाळतात. मित्रांनी कान उपटले, बाई सावरल्या.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत लागल्या. तिथे बायनॅक नावाचं यंत्र होतं, त्याच्यासाठी अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पायावर, हिशेब करावे लागत. बाई त्यात इतक्या मुरल्या, की त्यांच्या चेकबुकचा हिशेब जुळेना. त्या सांगायच्या, बँकेत काम करणाऱ्या भावाने रात्री जागून शोधलं तेव्हा कळलं, की बाई अधूनमधून वजाबाकी आठच्या पायावर करत होत्या! हसू येतं, पण बाईंनी यातून नेमकं ताडलं. यंत्राशी बोलायला माणसाने यंत्राची भाषा शिकायची, हा व्यवहारच उलटा आहे.

तेव्हा प्रोग्रॅमर कसे काम करायचे बघा. वर्गमूळ काढायचा, साइन काढायचा तयार तुकडा प्रत्येकाच्या वहीत असायचा. नवा प्रोग्रॅम लिहिताना दुसऱ्याच्या वहीतून तो हाताने उतरवून घ्यायचा आणि आतले पत्ते बदलायचे. उतरवताना चुका व्हायच्याच, बी हे अक्षर तेरा व्हायचं, चारचा डेल्टा व्हायचा. १९५१-५२मध्ये बाईंनी हे तुकडे टेपवर साठवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. आता प्रोग्रॅमरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. टेपवरचे तुकडे शोधणं, आणणं, पत्ते लावून एकत्र जोडणं हे सगळं यंत्र करणार. या कामाच्या प्रोग्रॅमचं नाव ए-झीरो. बाई त्याला कंपायलर म्हणायच्या, आजच्या व्याख्येनुसार तो लिंकर आणि लोडर होता. पण मला विचाराल तर पॅकेज मॅनेजरचाही तो लांबचा पूर्वज. आपण ॲप्टला नुसतं नाव सांगतो आणि त्याला लागणारं बाकीचं सामान ॲप्ट शोधून आणून जोडतो, तसंच हे. पुढे १९५३ साली ए-टू आला, तेव्हा तो ग्राहकांना कोडसकट देऊन सुधारणा परत पाठवा असं सांगितलं गेलं. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

आता खरी लढाई. बाईंचं म्हणणं होतं, की गणितवाल्यांना चिन्हं चालतील, पण पगारपत्रक आणि गोदामाचा साठा सांभाळणाऱ्यांना शब्द लागतात. त्यांनी साध्या इंग्रजीत हुकूम लिहावेत, यंत्राने समजून घ्यावेत. वरून उत्तर आलं, हे शक्य नाही, संगणकाला इंग्रजी कळत नाही. बाईंनी हट्टाने छोटा नमुना तयार केला आणि १९५५च्या सुरुवातीला साहेबांना दाखवला. प्रोग्रॅम इंग्रजीत चालला. मग उत्साहाच्या भरात तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत चालवला, नंतर जर्मन शब्दांत. यंत्राच्या लेखी फरक काहीच नव्हता, एका खुणेच्या जागी दुसरी खूण. पण साहेब मंडळी हादरली. फिलाडेल्फियात बनलेल्या अस्सल अमेरिकन यंत्राला फ्रेंच-जर्मन कळेलच कसं? फक्त इंग्रजीच वापरू, असं वचन देत बाईंना पुढचे कित्येक महिने समजूत घालावी लागली. शेवटी फ्लो-मॅटिक नावाने ती भाषा ग्राहकांपर्यंत पोचली.

मे १९५९मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली, सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा हवी म्हणून. त्यातून कोबोल जन्माला आली. बाईंना कोबोलची आई म्हणतात, पण काम समितीचं होतं, जीन सॅमेट आणि इतर कित्येकांचं. मात्र पायात फ्लो-मॅटिक होती. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

कोबोलला शिव्याही भरपूर पडल्या. डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या दिग्गजाने तर ती शिकवणंच घातक ठरवलं. शब्दबंबाळ भाषा, साध्या बेरजेला अख्खं वाक्य. टीका अगदीच खोटी नाही. शब्द इंग्रजी झाले म्हणजे मजकूर वाचनीय झाला असं नसतं. जुन्या ॲप्टकडेच बघा. त्याची वाक्यं शुद्ध इंग्रजीत होती. पण येणारी पॅकेजेस आणि जाणारी पॅकेजेस एकाच रंगात, एकाला एक चिकटून, परिच्छेदासारखी ओतलेली. त्या गर्दीत आपला डेस्कटॉप जातोय हे कुणाला दिसणार?

नुसते शब्द पुरत नाहीत, दिसावंही लागतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका वेळ का लागतो असं बडे अधिकारी विचारायचे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, हे सांगून कुणाच्या डोक्यात शिरणार? बाईंनी वायरचे जवळपास तीस सेंटिमीटरचे तुकडे कापून आणले. तेवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते. तुकडा हातात ठेवायचा, वर उपग्रह किती लांब आहे ते सांगायचं, काम झालं. मायक्रोसेकंद दाखवायला त्या तीनशे मीटरचं वेटोळंच घेऊन यायच्या आणि प्रत्येक प्रोग्रॅमरच्या गळ्यात ते अडकवायला हवं म्हणायच्या, म्हणजे वेळ किती वाया घालवतोय ते कळेल. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ तर उलटं फिरायचं. हे असंच चालत आलंय असं म्हणणाऱ्यांसाठी ते होतं.

आरमाराने त्यांना १९६६ अखेरीस निवृत्त केलं आणि सातच महिन्यांत परत बोलावलं. जो तो आपापली वेगळी कोबोल चालवत होता, ती एकसारखी करून द्या म्हणून. सहा महिन्यांसाठी गेलेल्या बाई एकोणीस वर्षं राहिल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, रिअर ॲडमिरल म्हणून, वयाच्या ७९व्या वर्षी बॉस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर निरोप घेतला. घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सल्लागार झाल्या आणि कॉलेजाकॉलेजांत वायरचे तुकडे वाटत फिरल्या. आज त्यांच्या नावाने बायकांची मोठी टेक परिषद भरते, बेंगळुरूमध्येही भरलेली आहे. तुमच्या वर्गातली एखादी तिथे जाऊन आली असेल.

१ जानेवारी १९९२ला बाई गेल्या. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं आणि डेबियन, ॲप्ट यांचा पत्ताच नव्हता. ॲप्टचं तीन पॉइंट झीरो व्हर्जन २०२५च्या एप्रिलमध्ये आलं. कॉलेजच्या मशीनवर ते असेल तर एकदा हात की-बोर्डवरून काढून स्क्रीन बघा. नावं आता रकान्यांत लागतात. येणारी पॅकेजेस हिरव्या रंगात. जाणारी लाल रंगात, आणि तीही सगळ्यात शेवटी, वाय की एन विचारणाऱ्या प्रश्नाच्या जवळ, जिथे नजर असतेच.