वॉल्टर डँडी

वॉल्टर एडवर्ड डँडी (६ एप्रिल १८८६ – १९ एप्रिल १९४६) हे अमेरिकन मेंदूशल्यविशारद होते. मेंदूतील धमनीविस्फाराच्या (ॲन्युरिझम) मानेवर क्लिप बसवून त्याचा रक्तपुरवठा तोडण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनी केली.

जीवन

डँडी यांचा जन्म मिसूरी राज्यातील सीडेलिया येथे झाला. १९१० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली काम केले. दोघांचे पटले नाही. १९१२ मध्ये बोस्टनला जाताना कुशिंग यांनी त्यांना सोबत नेले नाही. डँडी यांची पुढील सर्व कारकीर्द हॉपकिन्स येथेच झाली.

संशोधन

केनेथ ब्लॅकफन यांच्यासह त्यांनी मेंदूभोवतीच्या द्रवाचे अभिसरण प्रयोगांनी दाखवले. १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत त्यांनी मांडली. त्यामुळे गाठीचे स्थान कवटी उघडण्यापूर्वी कळू लागले.

धमनीविस्फारावरील शस्त्रक्रिया

धमनीच्या भिंतीचा दुबळा भाग फुग्यासारखा फुगतो आणि तो फुटल्यास मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होतो. पूर्वी यावर मानेतील मुख्य धमनी बांधत, पण त्याने मेंदूचाच रक्तपुरवठा घटण्याचा धोका असे. १९३१ मध्ये एडिनबर्ग येथे नॉर्मन डॉट यांनी फुग्याभोवती स्नायूचा तुकडा गुंडाळला. २३ मार्च १९३७ रोजी डँडी यांनी ४३ वर्षांच्या रुग्णाच्या फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली आणि मूळ धमनी वाहती ठेवली. रुग्ण बरा झाला. अशा क्लिपा रक्तस्राव थांबवण्यासाठी कुशिंग यांनीच १९११ मध्ये प्रचारात आणल्या होत्या. १९४४ मध्ये डँडी यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

वारसा

१९९० च्या दशकापासून कवटी न उघडता, धमनीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्याची पद्धत (कॉइलिंग) रूढ झाली. मात्र वेटोळी दबून मान पुन्हा उघडल्यास, फुगा वाढून आसपासच्या चेतांवर दाब आल्यास किंवा वेटोळे मूळ धमनीत सरकल्यास काही रुग्णांना खुली शस्त्रक्रिया लागते. मानेत वेटोळी नसल्यास त्यावर क्लिप बसवता येते. मान वेटोळ्यांनी भरलेली असल्यास क्लिप पुरती मिटत नाही. अशा वेळी काही वेटोळी काढावी लागतात किंवा रक्ताला पर्यायी वाट करून द्यावी लागते. नव्या उपचारानंतरच्या गुंतागुंतीतही डँडी यांचे तत्त्वच उपयोगी पडते: फुगा बंद करावा, धमनी वाहती ठेवावी.

डँडी यांचे बाल्टिमोर येथे हृदयविकाराने निधन झाले.