वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे ज्यू धर्मीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन रोगांवरील लशी त्यांनी तयार केल्या. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व प्रारंभीचे संशोधन

ओडेसा येथील विद्यापीठात हाफकिन यांना एली मेचनिकॉफ हे गुरू लाभले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले व आरंभी तेथील ग्रंथालयात साहाय्यक म्हणून राहिले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कोलकाता व अन्य भागांत त्यांनी लसीकरण केले.

मुंबईतील प्लेग

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. पुढे ती पुण्यातही पसरली. तिच्यातच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता प्लेगचे जंतू त्यांच्या आधाराने झुंबरासारखे खाली वाढत. ते उष्णतेने मारून लस बनविली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि लस टोचलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण कमी आढळले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली.

मुल्कोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. लशीत कार्बॉलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत हाफकिन यांनी त्यापूर्वी स्वीकारली होती. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दिला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पुराव्याची फेरतपासणी झाली तेव्हा निराळे चित्र दिसले. बाटली उघडताना वापरावयाचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते मुंबईतच बाटलीत शिरले असते तर लशीला दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडताना तशी दुर्गंधी आढळली नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते दोषमुक्त ठरले.

उत्तरायुष्य व स्मृती

हाफकिन पुन्हा भारतात कोलकात्यास रुजू झाले. मात्र पूर्वीसारखे कार्य त्यांना करता आले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

महत्त्व

लस प्रयोगशाळेत कितीही निर्दोष तयार झाली तरी ती टोचण्याच्या क्षणापर्यंत निर्जंतुक राखावी लागते, हे मुल्कोवालच्या घटनेने दाखविले. आज अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, त्वचेवर जंतुनाशक लावणे आणि औषध देण्यापूर्वी नळीचे तोंड पुसणे हे नियम पाळले जातात, ते याच तत्त्वावर आधारलेले आहेत. एका बाटलीच्या तोंडाशी झालेल्या हयगयीमुळे १९ माणसांचे प्राण गेले आणि ज्यांच्या लशीने अनेकांचे रक्षण केले, त्या शास्त्रज्ञाला अनेक वर्षे कलंक सोसावा लागला.