पाव्हलॉव्ह आणि पिंजऱ्यातली पिल्ले

मानसशास्त्राच्या तासाला पाव्हलॉव्हची घंटा वाजते, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि परीक्षेपुरता पाव्हलॉव्ह संपतो. या थोर शास्त्रज्ञाच्या उतारवयातील एक प्रयोग मात्र सहसा शिकवला जात नाही. मला तो घंटेपेक्षा मोठा वाटतो.

इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे शाळेचे तोंड त्यांनी अकराव्या वर्षी पाहिले. शिक्षणही धर्मोपदेशकाचेच चालले होते. पण विज्ञानाची पुस्तके हाती पडली आणि १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले. पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. १८८१ मध्ये लग्न झाले, पण स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्याचीही धड ऐपत नव्हती. पहिले मूल दगावले.

१९०४ मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले रशियन होत. कुत्र्याच्या जठराला वा लाळग्रंथीला छिद्र पाडून नळीवाटे रस गोळा करावयाचा, अशी त्यांची रीत होती. त्या मुक्या जनावरांनी काय सोसले असेल ते वाचताना जीव कासावीस होतो. १९३५ साली त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचा पुतळा उभारला गेला, तो उगाच नव्हे. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच लाळ सुटते, हे याच कामात ध्यानी आले आणि त्यातून अभिसंधानाचा सिद्धांत निघाला.

वर्षानुवर्षे कुत्री हाताळताना त्यांना दिसले की काही कुत्री धीट असतात, तर काही जरा खुट्ट झाले की शेपूट पायांत घालतात. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. खोपट्यांत शिरलेल्या पाण्यातून कुत्र्यांना पोहत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्री शिकलेले सारे विसरली. दाराखालून नुसते पाणी आले तरी ती घाबरत. भित्रे कुत्रे म्हणजे जन्मतःच दुर्बल मज्जासंस्थेचे, असे पाव्हलॉव्ह यांचे मत होते.

आपल्याकडे तरी दुसरे काय म्हणतात? पिल्लू बुजरे निघाले की त्याची जातच तशी, असे म्हणून लोक मोकळे होतात. माणसाच्या पोराबद्दलही हेच शब्द सर्रास वापरले जातात.

पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत एका वेताची पिल्ले दोन भागांत वाटण्यात आली. निम्मी जन्मापासून पिंजऱ्यात ठेवली, निम्मी मोकळी सोडली. खाणेपिणे दोघांनाही होते. या प्रयोगाचा वृत्तान्त १९३३ साली प्रसिद्ध झाला. मोकळी पिल्ले धीट झाली. पिंजऱ्यातली सगळी भित्री निघाली, नव्या जागेत, नव्या आवाजाने जागच्या जागी थिजणारी. पाव्हलॉव्ह यांनी याचा अर्थ असा लावला, की प्रत्येक पिल्लाला आरंभी नव्याची भीती वाटतेच. रोज थोडीथोडी ओळख होत गेली की ती ओसरते. पिंजऱ्यातल्या पिल्लाला ही ओळखच घडत नाही, म्हणून त्याचे बालपणीचे भय जन्मभर राहते. भित्रे दिसणारे कुत्रे मुळात बळकट मज्जासंस्थेचेही असू शकते, हे त्यांनी मान्य केले. ऐंशी ओलांडलेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाने स्वतःचे मत असे बदलावे, ही लहान गोष्ट नाही. अनुवंश किती आणि संगोपन किती, याचा शोध लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी येथील केंद्रात चालू असतानाच, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी ते वारले.

ही ओळख कोणत्या वयात व्हावी, हे पुढे अमेरिकेत कळले. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी उंच कुंपणाच्या आवारात माणसाचा स्पर्श न होऊ देता पिल्ले वाढविली. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वा नवव्या आठवड्यात एक आठवडाभर माणसांत आणले. काहींना चौदा आठवडे आणलेच नाही. ही शेवटची पिल्ले पुढे कितीही चुचकारले तरी रानटीच राहिली. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात तिसरा ते बारावा आठवडा हा निर्णायक काळ ठरविला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मेंढरांच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत लोळते, धनगराच्या पोरांच्या हातचे खाते. मोठेपणी ते कोल्ह्यावर तुटून पडते आणि कोकराला दात लावीत नाही. त्याचे ते दिवस धनगराने कधी मोजलेले नसतात.