पंडिता रमाबाई

धर्मग्रंथांत स्त्रियांविषयीं काय लिहिलें आहे, तें पुरुषांनीं वाचावें, पुरुषांनींच सांगावें आणि स्त्रियांनीं नुसतें ऐकावें, अशी फार दिवसांची वहिवाट होती. ग्रंथ स्वतः हातीं घेऊन ती मोडणाऱ्या एका विदुषीचें अल्पचरित्र आम्ही येथें देत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, म्हणून त्यांस पंडितांच्या सभेपुढें शास्त्राधार दाखवावे लागले. याच आईपाशीं रमाबाईंचें अध्ययन झालें. १८७४ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, आईबाप निवर्तले. पुढें बंधु श्रीनिवास यांजबरोबर पायीं देश हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

केशवचंद्र सेन यांनीं त्यांस वेद वाचण्याचा आग्रह केला. धर्मशास्त्रें वाचतां वाचतां त्यांस दिसलें कीं, शास्त्रकारांचा इतर बाबतींत कितीही मतभेद असो, स्त्रीस हीन लेखण्यांत त्यांचें एकमत आहे. १८८७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत त्यांनीं मनूचीं वचनें आणि उच्चवर्णीय विधवांचे हाल शेजारीं शेजारीं मांडून दाखविले.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु तेथेंही त्यांची विचारणा थांबली नाहीं. त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये, असें बिशपांचें मत पडलें. ज्यास वडिलांनीं व पतीनें कधीं हरकत घेतली नाहीं, त्यास ख्रिस्ती धर्मगुरूंनीं कां घ्यावी, असें त्यांनीं निर्भीडपणें विचारलें.

या स्वतंत्र बाण्याची किंमत त्यांस द्यावी लागली. १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं काढलेलें शारदासदन पुण्यास आल्यावर, १८९३ सालीं धर्मांतराच्या संशयावरून कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या व थोर सहायकही दूर झाले. तरी केडगांवच्या मुक्तिसदनांत निराश्रित स्त्रियांस त्यांनीं आसरा दिला. उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं बायबलाचें भाषांतर पुरें केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांचीं सर्व मतें प्रत्येकास पटतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मूळ भाषा शिकावी, ग्रंथ स्वतः वाचावा व त्यांत स्त्रीस न्याय मिळाला आहे कीं नाहीं हें निर्भयपणें विचारावें, हा त्यांचा धडा विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं अवश्य गिरवावा. आणि पालकांनीं मुलींच्या हातीं पुस्तक देतांना अनंतशास्त्र्यांचें स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.