आधी भाषा, मग गोष्ट

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही सिनेमे तुम्ही सलग बसून संपवले असतील. एल्फ आपापसांत बोलायला लागले की खाली सबटायटल येतं आणि आपल्याला वाटतं, असेल काहीतरी गोड बडबड. पण त्या भाषेला व्याकरण आहे, विभक्ती आहेत, इतिहाससुद्धा आहे. जे. आर. आर. टॉल्कीनने आधी भाषा रचायला घेतल्या. त्या बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून नंतर अख्खं जग उभं केलं.

हा माणूस १८९२चा, जन्म दक्षिण आफ्रिकेतला. चार वर्षांचा असताना वडील गेले. आई मेबल दोन मुलांना घेऊन इंग्लंडात राहिली. लॅटिन, फ्रेंच, जर्मन त्याला तिनेच शिकवलं. १९०० साली ती कॅथलिक झाली आणि नातेवाइकांनी पैशाची मदत बंद केली. १९०४मध्ये मधुमेहाने ती गेली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. माणसाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते १९२२मध्ये. बारा वर्षांच्या पोराकडे आईचं उरलं काय, तर धर्म आणि भाषांचं वेड.

त्याच्या मावसबहिणींनी प्राण्यांच्या नावांची एक गुप्त भाषा केली होती. आपली ‘च’ची भाषा असते ना, तसाच खेळ. बाकीची मुलं असले खेळ विसरतात. हा विसरला नाही. पुढे ऑक्सफर्डला फिनिश व्याकरणाचं पुस्तक हाती लागलं, त्या नादावर तो खुळावला आणि त्यातून क्वेन्या ही एल्फांची भाषा आकाराला येऊ लागली. दुसरी एल्फ भाषा, सिंदारिन, त्याने वेल्शच्या वळणावर घडवली.

खरी गंमत पुढे आहे. या दोन्ही भाषा त्याने एकाच जुन्या भाषेतून, ध्वनी नियमाने बदलत काढल्या. झाडाला मूळ शब्द ‘गलदा’. क्वेन्यात त्याचा ‘आल्दा’ झाला, सिंदारिनमध्ये ‘गलध’. हे समजायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याने पालीला जा आणि किनाऱ्यावर कोळी बोली कान देऊन ऐका. गाडीची ‘गारी’, घोड्याचा ‘घोरा’, पण डोळ्याचा ‘डोला’. म्हणजे ‘ड’ शब्दाच्या मध्ये आला तर ‘र’ होतो, सुरुवातीला असला तर टिकतो. हा पक्का नियम आहे, पण वर्गात कुणी असं बोललं की पोरं ‘अशुद्ध’ म्हणून हसतात. टॉल्कीनने वही काढली असती.

बुटक्या ड्वार्फांसाठी त्याने अरबी-हिब्रूसारखी व्यंजनांच्या सांगाड्यावर उभी असलेली भाषा केली. एल्फांच्या लिपीत तर आपली बाराखडीच आठवते: अक्षरं उच्चाराच्या स्थानाप्रमाणे ओळीत लावलेली आणि स्वर मात्रांसारखे व्यंजनांवर.

या सगळ्यामागे आयुष्य मात्र सोपं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो एडिथच्या प्रेमात पडला. ती तीन वर्षांनी मोठी आणि तीही अनाथ. पालक फादर फ्रान्सिस यांनी एकविसाव्या वर्षापर्यंत भेटायचं नाही, पत्रही लिहायचं नाही, असं बजावलं. त्याने ते पाळलं! एकविसावा वाढदिवस उजाडला आणि त्याने पत्र लिहिलं, तर तिचं दुसरीकडे ठरलेलं. ते तिने मोडलं. मार्च १९१६मध्ये लग्न झालं आणि काही महिन्यांतच तो सोमच्या लढाईत होता. चार जिवलग मित्रांच्या टोळीतले दोघे त्या युद्धात गेले. हा उवांमुळे पसरणाऱ्या तापाने आजारी पडून परतला आणि दुखण्यातून उठताना त्याच्या जगाच्या पहिल्या गोष्टी लिहू लागला.

नंतर ऑक्सफर्ड शब्दकोशात डब्ल्यूपासूनच्या शब्दांवर काम, मग प्राध्यापकी. ‘हॉबिट’ १९३७मध्ये आलं, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये. भाषा मात्र कधीच पुऱ्या झाल्या नाहीत. तो म्हातारपणीही नियम बदलत, शब्द खोडत बसायचा.

एडिथ १९७१मध्ये गेली, तो १९७३मध्ये. ऑक्सफर्डजवळ दोघांची एकच कबर आहे. दगडावर तिच्या नावाखाली ‘लूथियन’ कोरलंय, त्याच्या नावाखाली ‘बेरेन’. ही त्याच्याच गोष्टीतली जोडी: एल्फ राजकन्या आणि तिच्यासाठी जिवावर उदार झालेला माणूस.