वादळाची चाहूल घेणारे धर्मगुरू : फादर बेनितो विन्येस

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्रावर उठणाऱ्या वादळांशी आपला काही संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. 2021 सालच्या सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील गुलाब नावाचे चक्रीवादळ 26 तारखेला आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आले. जमिनीवर त्याचा जोर ओसरला, पण त्याच्या उरलेल्या पट्ट्याने तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर दोन दिवस मुसळधार पाऊस पाडला. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठ कसा वेढला गेला होता, हे तेथील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. वर पडलेला पाऊस आणि खाली दारात आलेले पाणी यांच्यामध्ये जे थोडे तास मिळतात, त्यांवर गुरेढोरे, धान्य आणि माणसांचे प्राण अवलंबून असतात.

हे थोडे तास लोकांच्या पदरात पडावेत म्हणून ज्या एका येशूसंघीय धर्मगुरूंनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या फादर बेनितो विन्येस यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

फादर विन्येस यांचा जन्म 19 सप्टेंबर 1837 रोजी स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील पोबोलेदा या डोंगराळ गावी झाला. 1856 मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. गणित व भौतिकशास्त्र हे त्यांच्या आवडीचे विषय होते. 1868 साली स्पेनमध्ये क्रांती झाली आणि येशूसंघीयांना देश सोडावा लागला. तरुण बेनितो फ्रान्समध्ये गेले व तेथेच त्यांनी पुढील अभ्यास पूर्ण केला. 1870 मध्ये वरिष्ठांनी त्यांना अटलांटिक महासागरापलीकडे, स्पेनच्या ताब्यातील क्युबा या बेटावर पाठविले. राजधानी हवाना येथील बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

क्युबाच्या रहिवाशांना वादळ नवे नव्हते. जून ते नोव्हेंबर हा तेथील वादळांचा हंगाम. 1846 च्या ऑक्टोबरमधील वादळाने हवाना शहराची दैना केली होती व बंदरातील कितीतरी जहाजे बुडाली होती. परंतु वादळ येत आहे हे कळायचे, तेव्हा ते बहुधा दाराशी येऊन ठेपलेले असायचे. त्या काळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते, भर समुद्रातील जहाजाकडून निरोप येण्याचे काही साधनही नव्हते. हाताशी होते ते वायुभारमापक, वाऱ्याची दिशा आणि डोक्यावरचे आकाश.

फादर विन्येस यांनी या तिन्हींची नोंद ठेवण्याचा नेम धरला. दिवसातून अनेक वेळा ते वेधशाळेत जाऊन वायुभार, वारा व ढग यांची टिपणे करीत. वेधशाळेतील जुन्या नोंदीही त्यांनी बारकाईने अभ्यासल्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की वादळाच्या भोवती ढगांचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या दिशांनी जातात. खालच्या थरातील वारा चक्राकार फिरत केंद्राकडे ओढला जातो, तर अगदी उंचावरचे पिसांसारखे शुभ्र ढग केंद्रापासून बाहेर पसरतात. हे पिसांसारखे ढग क्षितिजावरील ज्या बिंदूपासून पंख्यासारखे फाकलेले दिसतात, त्या बाजूला दूरवर वादळाचे केंद्र असते. म्हणजे खाली वारा पडलेला, ऊन स्वच्छ, समुद्र शांत, आणि तरीही आकाश मात्र शेकडो मैलांवरील संकटाची वार्ता देत असते. ती वाचता येणारा माणूस मात्र हवा.

11 सप्टेंबर 1875 रोजी फादर विन्येस यांनी येणाऱ्या वादळाचा इशारा हवानाच्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध केला. दोन दिवसांत वादळ आले. हे पाऊल सोपे नव्हते. अंदाज खरा ठरला तर लोक दारे-खिडक्या बंद करून सुरक्षित राहणार, जहाजे बंदरातच थांबणार. पण तो चुकला तर व्यापाऱ्यांचे नुकसान होणार आणि पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही. वेधशाळेच्या वहीत नोंद करून गप्प बसणे अधिक निर्धोक होते. फादरांनी तो मार्ग पत्करला नाही.

1876 च्या सप्टेंबरमध्ये पोर्तो रिको व क्युबा या बेटांवरून मोठे वादळ गेले. त्यानंतर ते स्वतः प्रवासाला निघाले. झाडे कोणत्या दिशेला उन्मळली, घरांची छपरे कोठे उडाली, पाणी कोठवर चढले, हे पाहत व लोकांना विचारत त्यांनी वादळाचा माग काढला. या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ 1877 मध्ये प्रकाशित झाला. कोणत्या महिन्यातील वादळ साधारण कोठे वळते, याचेही नियम त्यांनी बसविले. ऑगस्टमधील वादळे अधिक उत्तरेकडे जाऊन वळतात, तर जून व ऑक्टोबरमधील त्यामानाने दक्षिणेलाच वळतात, असे त्यांना आढळले.

एका माणसाचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी ते एकाच बेटावरून पाहणार, हेही त्यांनी ओळखले होते. म्हणून निरनिराळ्या बेटांवरील निरीक्षकांचे जाळे त्यांनी विणले. पूर्वेकडील बेटावर वारा फिरला की तारेने निरोप हवानाला यावा आणि हवानाहून इशारा पुढील बेटांना जावा, अशी ती योजना होती. व्यापारी, जहाज कंपन्या व तारकचेऱ्या यांनी तिला साहाय्य केले. अशा रीतीने एका बेटाचे दुःख दुसऱ्या बेटासाठी सावधगिरीची सूचना ठरू लागले.

शिकागो येथे 1893 च्या ऑगस्टमध्ये भरणाऱ्या हवामानशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपल्या संशोधनाचे सार लिहून पूर्ण केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 23 जुलै 1893 रोजी, हवाना येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय 55 वर्षांचे होते. त्यांचेच संघबंधू फादर फेदेरिको फाउरा यांनी फिलिपिन्समधील मनिला येथे 1879 पासून हेच कार्य आरंभिले होते.

त्यांच्या पश्चात घडलेली एक घटना सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. 1900 साली क्युबा अमेरिकेच्या ताब्यात होता. बेलेनची वेधशाळा फादर लोरेन्सो गांगोइते चालवीत होते. क्युबातून वादळाचे अंदाज तारेने बाहेर पाठविण्यास अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्या सुमारास मज्जाव केला होता. सप्टेंबरमध्ये एक वादळ क्युबा ओलांडून गेले. ते मेक्सिकोच्या आखातात पश्चिमेकडे सरकेल, असे हवानाच्या निरीक्षकांचे मत होते; ते उत्तरेस फ्लॉरिडाकडे वळेल, असे वॉशिंग्टनचे म्हणणे होते. 8 सप्टेंबर रोजी ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या सखल बेटावर आदळले. समुद्राने शहर गिळले व किमान 6,000 माणसे मृत्युमुखी पडली. ज्ञान उपलब्ध होते. ते पोहोचू दिले गेले नाही.

आज भारतीय हवामान विभागाचे इशारे आपल्या भ्रमणध्वनीवर येतात. धरणातून पाणी सोडण्याची सूचना तहसील कार्यालय व ग्रामपंचायत देते. तरीही वस्तीच्या टोकाला राहणारी एकटी आजी, नदीकाठी पाल ठोकून राहिलेले ऊसतोड कुटुंब किंवा रात्री मळ्यात झोपलेला सालगडी यांच्यापर्यंत तो निरोप कोण नेतो, हा प्रश्न उरतोच. गोदाकाठच्या आपल्या बांधवांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे की कोणी कोणाच्या घरी जायचे, गुरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची, कागदपत्रे व बियाणे कोठे ठेवायचे आणि कोणते मोठे घर किंवा सभागृह आसऱ्यासाठी उघडायचे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे त्या वेळी विचारायचे नाही. फादर विन्येस यांचा इशाराही हवानातील प्रत्येकासाठीच होता.